बर्फातले हात

नवेगाव बांधचं तळं आठवलं की मला आधी एक गार हात आठवतो. मी तिथल्या शाळेत शिकवायला होतो तेव्हा तळ्याकाठच्या एका ठेल्यावर दर रविवारी मासोळ्या घ्यायचो. ठेलेवाला मला मास्तर म्हणायचा, मी त्याला भाऊ. नाव कधी विचारलंच नाही. दिवसभर त्याचे हात बर्फात. पिशवी देताना बोटं लागली की भर मे महिन्यातही शहारा यायचा. शेकत जा म्हटलं तर म्हणायचा, "कायले जी? परत बर्फातच जाते." बर्फाबद्दल त्याचं मत पक्कं होतं. "बर्फ मासोळीले टिकवते, वाढवत नाई."

मग त्याच्या धाकट्या बहिणीचं लिव्हर निकामी झालं, आणि यानं आपल्या लिव्हरचा तुकडा तिला दिला. नागपूरहून परतल्यावर तोच विषय. "दोघांचंही वाढून राह्यलं, मास्तर. पन माह्यातून काढून तिच्यात लावेपर्यंत तुकडा बर्फात होता. डॉक्टर म्हने, थंडीत जितका कमी वेळ, तितका चांगला वाढते." एवढं बोलून तो पुन्हा बर्फात हात घालायचा. त्या मधल्या वेळाचा त्याला घोरच लागला होता.

दिवाळीत बहीण ठेल्यावर आली. तिच्या डोक्यावर हात ठेवायला तो पुढे झाला आणि मध्येच थांबला. शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीवर त्यानं दोन्ही हात उलटसुलट शेकले, स्वतःच्या गालाला लावून पाहिले. मग तिच्या डोक्यावर ठेवले.

मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"तिच्यातला तुकडा एक डाव बर्फात राहून आला, मास्तर," तो म्हणाला. "आता आनखी कायले?"