एका घरासाठी एकच पुस्तक

१२ डिसेंबर, शनिवार. सकाळी दहाला मुलगी मुक्ता आणि तिचे सहा दिवसांचे बाळ दवाखान्यातून घरी आले. बाळ मुलगा आहे. अकराला न्हाऊ घालणारी बाई येऊन गेली. एकला जेवणे झाली. आता सगळे झोपले आहेत, म्हणून अक्कांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी हा लेख रोजनिशीतच लिहायला बसलो.

खरे तर हा लेख माझ्या पत्नीने, शैलाने लिहायचा. पंधरा वर्षे ती अक्कांच्या हाताखाली चित्रे रंगवत होती. गेल्या फाल्गुनात ती गेली. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. कार्यालयीन टिपणीपलीकडे लिहिण्याची सवय नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

धारवाडच्या सप्तापुरात लहानथोर सगळे ज्यांना अक्का म्हणतात, त्या सुमित्राबाईंची आणि आमची ओळख मुक्तामुळे झाली. ती तेव्हा चार वर्षांची होती आणि अक्कांच्या बालवाडीत जात असे. घरात दुसरे बाळ येणार हे कळल्यावर अक्कांनी तिच्यासाठी चित्रांचे पुस्तक केले. मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रे काढलेली कॅलेंडरची पाने, दाभणाने शिवलेली. शेवटच्या पानावर दोन मुले सागरगोटे खेळत होती आणि खाली लिहिले होते, ‘मुक्ताला खेळायला गडी आला!’

गडी आला आणि नुसता झोपून राहिला. मुक्ताने सागरगोटे पाळण्यात नेऊन ठेवले, दोन दिवस वाट पाहिली आणि आईला सांगितले, “हा बिघडलाय. परत देऊन ये.”

आम्ही हसलो. अक्काही हसल्या, पण पुस्तक परत घेऊन गेल्या. “चूक पोरीची नाही, माझी. गडी येतो म्हणून मीच सांगितलं की!” असे म्हणाल्या. चार दिवसांनी नवे शेवटचे पान शिवून आले: ‘बाळ झोपते. रडते. शू करते. पुन्हा झोपते. मुक्ता मोठी आहे, तिला धावता येते.’ मुक्ताने ते पान घरी येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवले.

तेव्हापासून बाळ येणार असलेल्या घरोघरच्या मोठ्या भावंडांसाठी अक्का अशी पुस्तके करू लागल्या आणि त्यांनी दोन नियम पाळले. मुलाचे म्हणणे ऐकल्याशिवाय पेन्सिल हातात घ्यायची नाही आणि आपल्या हातात नाही त्याचे वचन पुस्तकात द्यायचे नाही. एका घरासाठी एकच पुस्तक. घरात बोलतात ती भाषा, मराठी किंवा कानडी. चित्रात त्याच घराचे दार, त्याच घरची मांजर. छापून का घेत नाही, असे कोणी विचारले की त्या म्हणतात, “प्रत्येकाची मांजर वेगळी असते बाबा.”

या वर्षी मुक्ता दुसऱ्या बाळंतपणाला केलगेरीला आमच्याकडे यायची होती. आई नसलेल्या माहेरी कशाला, असे तिच्या सासरी बोलणे झाले. अक्कांनी फोन करून तिला सांगितले, “ये की गं. आम्ही काय मेलोय होय?”

मुक्ता आली, पण तिची मुलगी इरा दवाखाना हा शब्द निघाला की आईची ओढणी दोन्ही मुठींत धरून ठेवी. तीही आता चार वर्षांची आहे. बाळाचे नाव काढले की म्हणे, “नको बाळ.” कारण सांगत नसे. दिवस जवळ येत चालले. आईला हिच्या मुठीतून सोडवून न्यायचे कसे, हे मला सुचेना.

अक्कांना आता डोळ्यांनी कमी दिसते, गुडघेही दुखतात. तरी त्या रिक्षा करून आल्या आणि इराजवळ जमिनीवर बसून शेंगा सोलू लागल्या. अर्ध्या तासाने इरा आपणहून बोलली. “आजी दवाखान्यात गेली. आली नाही.”

अक्कांनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, “वसंतण्णा, शैलाचा फोटो काढा.”

फोटो मी कपाटात ठेवून दिले होते. मी म्हणालो, “अक्का, पुस्तक आनंदाचं आहे. त्यात हे नको.”

“पोरीच्या मनात आहे ते पुस्तकात नको म्हटलं, तर पुस्तक करू कुणासाठी? तुमच्यासाठी?”

मी फोटो दिला.

त्या पानावर लिहिले आहे, ‘आजी खूप आजारी होती. औषधे दिली. आजी बरी झाली नाही. आजी आता येणार नाही.’ पुढच्या पानावर, ‘आई आजारी नाही. आईच्या पोटात बाळ आहे. ते दवाखान्यात बाहेर येईल.’ त्यापुढे पाच कोरे चंद्र, आई घरी येईपर्यंत रोज सकाळी एक रंगवायला.

इराने विचारले, “सहावा लागला तर?”

“तर सहावा काढू की, पुट्टी. कागद काय संपलाय?”

मुक्ताला नेले त्या दिवशी इराने ओढणी सोडली. मलाच म्हणाली, “आजोबा, घाबरू नका. आई आजारी नाही.” बाळाला थोडी कावीळ झाली म्हणून मुक्काम वाढला. इराने अक्कांना फोन लावायला सांगितले. “अक्का, सहावा लागला.”

“काढ मग. मोठा काढ.”

आज सकाळी ती दारात उभी होती. आधी आईच्या गालाला हात लावून पाहिला. मग बाळाकडे वळून, पाहुण्यांना धारवाडात म्हणतात तसे अदबीने म्हणाली, “बर्री, कूड्री.” सहा दिवसांच्या बाळाला या, बसा! मुक्ता टाके दुखेपर्यंत हसली. नंतर इराने पुस्तक आणून बाळाला वाचून दाखवले. फोटोच्या पानावर थांबून म्हणाली, “ही आपली आजी. तू बघितली नाहीस.”

मी पाणी आणायला आत गेलो.

अक्कांच्या कामाविषयी इतर मंडळी अधिक चांगले लिहितील. माझी एवढीच इच्छा आहे की त्यांच्या गुडघ्यांना आराम पडावा, डोळ्यांना नीट दिसावे, आणि या गावात जिथे जिथे पाळणा बांधला जाईल तिथल्या मोठ्या भावंडाजवळ बसून त्यांनी शंभरी गाठेपर्यंत शेंगा सोलाव्यात.

एवढे लिहून पेन बंद केले. अजून कोणी उठले नव्हते. न्हाणीघरात बाळाचे लंगोट आणि दुपटी पिळून ठेवलेली होती. बादली घेऊन गच्चीवर गेलो आणि एकेक झटकून दोरीवर वाळत घातले.