काळ्या शेळीचं तांबडं करडू

परवा बाजारात पेंडीच्या दुकानापुढं सरकीचं पोतं फुटलं होतं. त्या तेलकट, उबदार वासानं मी जागच्या जागी थांबलो. मान वर केली तर दुकानाच्या माथ्यावर एका कनिष्ठ महाविद्यालयाचा भलामोठा फलक : ‘सर्वांगीण विकासाची हमी’. हमी सहसा घड्याळाला मिळते, तीही वर्षाची. फलकावरच्या मुलांना सगळी अंगं असतीलच, दिसत होते फक्त दात. मला हसू आलं आणि लगेच आत काहीतरी उसळलंही. कारण माझा जो काही सर्वांगीण विकास झाला, तो सरकीच्या वासातच झाला.

धाराशिवात आमचं कॉलेज भरायचं कापसातून सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. निजामी जाऊन दहाएक वर्षं झाली होती, औरंगाबादला विद्यापीठ नवंच निघालं होतं. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी दोन तासांच्या भाषणात ज्ञानगंगा इतक्या वेळा आणली, की पिण्याच्या पाण्याचा रांजण कोरडा आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तास सुरू झाले आणि आम्ही पेटलो. मॅट्रिक आणि पदवी यांच्यामधलं हे एक वर्ष, पी.यू.सी. म्हणायचे त्याला. सकाळी इंग्रजीनं घाम काढावा, दुपारी काचेच्या नळीत निळ्याचं लाल व्हावं, संध्याकाळी वादविवादात वाशीच्या पोरानं तुळजापूरच्या पोराला गप्प करावं. घंटा झाली, की आढ्यावरून जुन्या कापसाचे पुंजके डोक्यावर पडायचे. शिवाय प्राध्यापक आम्हाला ‘अहो’ म्हणत. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी अहो म्हणालं, तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं.

माझ्याकडं मात्र वर्ष एकच होतं. वडिलांची बेंबळीच्या पुढं थोडी जमीन आणि वीसेक शेळ्या. चौथीपर्यंत उर्दूत शिकलेला माणूस; बोलणं कमी, बघणं फार. त्यांनी निघताना सांगितलं होतं, “एक साल शिक. मग काकानं तहसिलीत जागा बघून ठेवलीय, तिथं चिकटायचं.” त्या काळी सरकारी खुर्ची म्हणजे घरावर कायमचं पत्र्याचं छप्पर. मी मान हलवली होती.

आमचे तर्कशास्त्राचे सर हैदराबादेत शिकून आलेले, कळकट शेरवानी घालणारे. शनिवारी सकाळचा त्यांचा तास कला आणि विज्ञान अशा सगळ्या मुलांना सक्तीचा होता. परीक्षेशी त्याचा संबंध नव्हता, म्हणूनच तो लक्षात राहिला. त्यांचा दंडक असा : आठवड्यात शिकलेली एक गोष्ट घरी जाऊन मोठ्या माणसाला घरच्या बोलीत समजावायची आणि त्या माणसानं विचारलेला एक प्रश्न पुढच्या शनिवारी वर्गात आणायचा. उत्तर नको, प्रश्न.

पहिल्या खेपेला मी गोठ्यात बसून वडिलांना अनुमान शिकवलं. झोकात सांगितलं, “सगळ्या काळ्या शेळ्यांना काळीच करडं होतात. ही शेळी काळी आहे. म्हणून हिचं करडू काळंच होणार.” वडिलांनी धार काढता काढता कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं एक तांबडं करडू पाय झाडत होतं. “हिचंच हाय ते. बोकड बी काळाच. तुझ्या सरास्नी इचार, हे कसं बसवायचं?”

आता शेळीचा प्रश्न कॉलेजात कसा न्यायचा? मला लाज वाटली. शनिवारी मी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणालो, “माझ्या वडिलांनी विचारलं आहे, की मानवी जीवनाचं अंतिम उद्दिष्ट काय?”

सरांनी चष्मा पुसला. “वडील काय करतात आपले?”

“शेती. शेळ्याही आहेत.”

“मग अंतिम उद्दिष्टाला सवड केव्हा काढतात? धारेच्या आधी, की नंतर?” वर्ग फुटला. हशा ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, “त्यांनी खरं काय विचारलं, ते सांगा.”

कान लाल झाले होते. सांगितलं. वर्ग पुन्हा हसणार तोच सर ताडकन उठले. “वा! तुमचं पहिलंच विधान वडिलांनी पाडलं!” शेरवानी सावरत ते पळतच पलीकडं गेले आणि जीवशास्त्राच्या सरांना हाताला धरून घेऊन आले. ते बिचारे पुढच्या तासाचे बेडूक काढून ठेवत होते, हात ओलेच. त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. “शेळ्यांचं मी पाहिलेलं नाही, वाटाण्यांचं सांगतो,” म्हणून सुरुवात केली. रंग दडून राहतो, दिसत नाही, पण पुढं जातो. त्या तासाला घंटा झालेली कुणालाच ऐकू आली नाही. तर्क, वाटाणे आणि आमची शेळी एकाच फळ्यावर! ज्ञानाच्या खोल्यांना आतून दारं असतात, हे मला तेव्हा कळलं. मी गावाकडं निघालो तो जवळजवळ धावतच.

वडिलांपुढं काळे उडीद आणि तांबडी तूर मांडून मी चार चौकोन भरले. ते कितीतरी वेळ दाणे इकडंतिकडं सरकवत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे काळ्यात तांबडं दडून बसलेलं असतंय. व्हय?” आणि त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं, ते मी उद्घाटनाच्या कुठल्याच पाहुण्याच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. तिथून दर शनिवारी प्रश्न तयारच असे. एकीला दोन करडं आणि तिच्याच बहिणीला तीन, ते का? करडू आईला हजारात कसं ओळखतं? जीवशास्त्राचे सर हसून हात वर करत. “हे पी.यू.सी.त नाही. पुढं शिका, आणि मलाही सांगा.”

निकाल लागला आणि काका तहसिलीच्या जागेचा निरोप घेऊन आले. मी भिंतीला टेकून उभा होतो.

“दादा, उद्याच हजर व्हायला पायजे. जागा हातची जाईल.”

“जाऊ दे.”

“लई शिकून पोरगं करणार काय?”

वडील शेळीच्या पाठीवर हात फिरवत होते. “माझे अकरा सवाल राह्यलेत. ते कोण सोडवणार, तुझा तहसीलदार?”

काका जेवून गेले. मी औरंगाबादला गेलो.

पदवीदानाला वडील आले होते. भाड्याचा काळा झगा घालून मी बाहेर आलो, तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काळा दिसतोस खरा. आत काय दडलंय ते पुढं कळंल.”

त्या अकरा सवालांपैकी चार अजून राहिले आहेत. शेड गेली, शेरवानी गेली, वडीलही गेले. दुकानदार पोत्यातून सांडलेली सरकी भरत होता. मी एक चिमूट उचलून हुंगली. फलकावरच्या त्या हसऱ्या मुलांना यंदा कुणीतरी घरून एखादा प्रश्न आणायला सांगो, एवढंच मनात आलं. हमी त्याचीही देता येत नाही.