धोंड्याच्या वाणातला रेझर

लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला, तेव्हा सासुरवाडीच्या वाणाबद्दल मी बऱ्याच आशा बाळगून होतो. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, तेहेतीस अनारसे देतात आणि सोबत काहीतरी चांदीचं देतात, एवढी माहिती मी आधीच काढून ठेवली होती. माझ्या साडूंना, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, चांदीची वाटी मिळाली. मला अनारशांवर ठेवलेला एक चपटा डबा मिळाला, चष्म्याच्या घरापेक्षा जरा मोठा.

धुळ्याला, देवपुरात सासऱ्यांच्या ओट्यावर बसून मी तो उघडला. आत दाढीचा जुना सेफ्टी रेझर होता. पातं आजच्या ब्लेडसारखं कागदी नव्हे, चांगलं जाड. डब्याच्या एका झाकणाला आतून चामडं लावलेलं, दुसऱ्याला धारेचा दगड. सासऱ्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. आबांनी पातं डब्यात बसवून दांडी पुढेमागे सरकवून दाखवली. पातं चामड्यावरून घासत जाई, टोकाला पोचलं की आपोआप कूस बदले आणि खट्ट असा आवाज होई. हा आवाज पुऱ्या गल्लीला ऐकू जायचा. सकाळी तो ऐकूनच शेजारीण चहाचं आधण ठेवायची म्हणे.

"मना बापनी सुरतथीन आणेल शे," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "ब्लेड फेकानं कामच नही. धार लावानी आन वापरानं."

इतकी मोलाची वस्तू मलाच का, याचं उत्तर सोपं होतं. साडू दाढी राखतात. पुण्याला असलेला मेहुणाही दाढी राखतो, वर तिला तेल लावतो. घराण्यात गुळगुळीत हनुवटीचा पुरुष मी एकटाच उरलो होतो. मला निवडलं नव्हतं, मी शिल्लक राहिलो होतो.

जळगावला पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी दुसऱ्याच दिवशी मी तो लावून पाहिला. मी शाळेत भूमिती शिकवतो. तीस अंशाचा कोन म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवतो आहे. गालावर मात्र तो मला एकदाही सापडला नाही. वर्गात गेलो तेव्हा चेहऱ्यावर कापसाचे पाच बोळे होते आणि पोरं वहीत तोंड खुपसून हसत होती. मला भयंकर राग आला. घरी येऊन मी डबा कपाटावर टाकला, कोपऱ्यावरच्या दुकानातून तीन पात्यांचा प्लास्टिकचा रेझर आणला आणि विषय संपवला.

पण आबांनी संपवला नव्हता. दिवाळीला गेलो, तर पाणी विचारायच्या आधी त्यांनी दारातच माझ्या हनुवटीवरून कानाकडे उलटा हात फिरवला. "वापरतस ना?" मी म्हणालो, "रोज, आबा." त्यांनी मान हलवली. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तेच, पुढच्या दिवाळीला तेच. त्यांच्याकडे जायचं म्हटलं की मी सकाळी दोनदा दाढी करायचो, एकदा सुलटी, एकदा उलटी. दरवेळी पहिल्या वर्गात पास. खोटं बोलण्यात आपला हातखंडा आहे असं मला वाटायला लागलं होतं.

तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला आणि सासूबाईंचा, म्हणजे अक्कांचा, फोन आला. आबांचे हात थरथरायला लागले होते. स्वतःची दाढी होत नव्हती. सलूनमध्ये जायला तयार नाहीत, घरी कुणी आलेलं चालत नाही. तीन आठवड्यांची पांढरी दाढी वाढलेली, त्या लाजेनं ओट्यावरही बसत नाहीत. "एकच धोशा लायेल शे," अक्का म्हणाल्या, "जवाई येतीन, मना बापना रेझर लई येतीन, त्याच मनी दाढी करतीन."

धोंड्याचं जेवण पंधरा दिवसांवर होतं.

मी स्टुलावर चढून डबा काढला. चामडं वाळून पापडासारखं झालेलं. पात्यावर गंजाचे ठिपके. आणि नेमका त्याच वेळी सायकलवर चाक लावलेला धारवाला "धाऽर लावा, कात्री, विळी" करत दारावरून गेला. मला तो देवानंच धाडलाय असं वाटलं. माणसाची बुद्धी कशी फिरते बघा. मी पातं त्याच्या हातात दिलं. त्यानं पायडल मारलं, ठिणग्या उडाल्या, गल्लीतली दोन माणसं कौतुकानं बघत उभी राहिली. दोन मिनिटांनी पातं माझ्या हातात आलं, तेव्हा त्याची कड निळी पडली होती आणि धारेला लाटा आल्या होत्या.

बायकोनं ते उजेडात धरून पाहिलं. "यानं दुधी भोपळा कापता येईल," ती म्हणाली. "उकडलेला." पण ती हसली नाही. तिच्या आजोबांची वस्तू होती ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळेच्या शिपायानं नशिराबादच्या एका म्हाताऱ्या सलूनवाल्याचं, नानांचं, नाव सुचवलं. सलून आता मुलगा चालवतो, नाना नुसते बाहेर बाकावर बसतात. मी स्कूटर काढली. नानांनी पातं अंगठ्यावर आडवं फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"धारवाल्यानं."

"आणि धारवाल्याला कोणी दिलं?"

आत कात्री थांबली, खुर्चीतलं गिऱ्हाईकसुद्धा मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं.

निळी पडलेली कड संपेपर्यंत नानांनी पातं ओल्या दगडावर घासलं. त्याला चार दिवस लागले, आणि चारही दिवस त्यांनी मला समोर बसवून ठेवलं. पातं बारीक झालं, पण सरळ झालं. चामड्याला एरंडेलाचं बोट लावून त्यांनी ते मऊ केलं. पातं दगडावर रोज चढवायचं नाही, चामड्यावर रोज चालवायचं, आणि दाढी झाली की पातं काढून, पुसून, कोरडं करूनच डब्यात ठेवायचं. एवढं सांगून त्यांनी मला फुगे आणायला पाठवलं.

फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो रेझरनं काढायचा. फुगा फुटला की नापास. पस्तिशीचा मास्तर रोज संध्याकाळी दुकानात जाऊन फुगे मागतो, तेव्हा लोक विचारतातच. शेजाऱ्यांनी वाढदिवस कुणाचा म्हणून चौकशी केली. अकरा फुगे माझ्या तोंडावर फुटले. बाराव्यावरचा फेस निघाला आणि फुगा तसाच राहिला, तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून हात धरून बघायला आणलं.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी स्वतःची दाढी त्याच रेझरनं केली. एकदाच कापलं. डाव्या कानाखाली काही केस राहिले, कितीही फिरवलं तरी ते निघेनात. रेझरचं डोकं जाड, तिथल्या वळणात ते शिरतच नाही. प्लास्टिकच्या रेझरनं एका फटक्यात निघाले असते. का कोण जाणे, मी तो हातात घेतला आणि परत ठेवला.

देवपूरला पोचलो. आबा आतल्या खोलीत पाठ करून बसले होते. वळले, तेव्हा पाच आठवड्यांच्या पांढऱ्या दाढीनं चेहरा भरून गेलेला दिसला. त्यांनी थरथरता हात उचलला आणि नेहमीसारखा माझ्या हनुवटीवरून वर नेला. कानाखाली बोटं थांबली. पुन्हा मागे आली, पुन्हा थांबली.

"चार केस शेतस," ते म्हणाले.

"आबा, ते निघत नाहीत."

"निघतसच नही. मना बापना बी राहेत, मना बी राहेत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज पैलांदाव वापरा तुम्ही."

साडू तिथेच होते. अक्का ताट घेऊन दारात उभ्या होत्या. आज पहिल्यांदा वापरलात, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, आणि पळायला जागा नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पैली दिवाळीपाइन. इतला गुळगुळीत गाल त्या रेझरना व्हसच नही."

"मग बोलला का नाहीत?"

"जवाई मनं मन राखस," आबा म्हणाले, "मी काय बोलू?" आणि साडूंच्या भरघोस दाढीकडे बघून त्यांनी जोडलं, "बाकीना तर तितलं बी करतस नही." साडूंनी दाढीवरून हात फिरवला आणि ते पाणी प्यायला निघून गेले.

मी आधी कात्रीनं दाढी बारीक केली, मग फेस लावला. डबा उघडून पातं चामड्यावर चालवलं. खट्ट, खट्ट. शेजारून कुणीतरी ओरडून विचारलं, "आबा बरा व्हयनात का?" आबांनी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. पंधरा दिवसांत मला फक्त फुगे जमले होते, आणि हा फुगा नव्हता. एका बाजूनं सुरुवात केली, हळूहळू, श्वास धरून. कुठेही कापलं नाही. शेवटी त्यांच्याही डाव्या कानाखाली चार केस राहिले. मी पुन्हा रेझर टेकवला, तेव्हा आबांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "त्या केस घरना शेतस."

मग ते उठले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि ओट्यावर जाऊन बसले. मी पातं काढलं, कोरडं केलं आणि डब्यात ठेवलं.