चपला घालून हात लाव

धाकू मेस्त्री माझा शेजारी, आणि मी त्याच्यावर अजून चिडलेलो आहे. आमच्या नाटे गावात एकेकाळी त्याने बांधलेल्या लाकडी होड्या समुद्रात जायच्या. फायबरच्या होड्या आल्या आणि मेस्त्रीच्या हाताला काम उरलं नाही. मग त्याने पडवीत लाकडावर नक्षी कोरायचं कॉम्प्युटरवालं मशीन आणून बसवलं. देवघरं, दारावरच्या गणेशपट्ट्या, नावाच्या पाट्या. चित्र कॉम्प्युटरमध्ये घालायचं, फळी आवळायची, की मशीन आपलं कोरत बसतं.

कोरत बसतं म्हणजे धड असेल तेव्हा. खाऱ्या हवेने आधी त्याचे बेअरिंग खाल्ले. मग आतलं सर्किटचं एक कार्ड जळलं. मग कोरणाऱ्या मोटरची वायर. ती मोटरबरोबर सारखी पुढेमागे हलते, त्यामुळे तुटायची. धाकू तुटलेली जागा शोधायचा, पीळ मारायचा, वर काळी टेप गुंडाळायचा. मशीन सुरू झालं की सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा खाकरायचा. आपल्याला दुरुस्ती जमते याचा त्याला भारी तोरा.

पण मशीनच्या लोखंडाला हात लावला की मुंग्या यायच्या. वायरमन रघूने टेस्टर लावून बघितलं आणि त्याचं तोंडच उतरलं.

"धाकूदा, हेला अर्थिंग नाय. आधी खड्डा मारून अर्थिंग घे. आणि ही वायर अख्खी बदल."

"खाली सगळा कातळ हाय, तिथे खड्डा कोण मारनार?" धाकू म्हणाला. "मुंग्या येतात नुसत्या. चपला घातल्या की झालं."

मीही त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खड्डा शिमगा झाल्यावर, असं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं. तोवर घरात एकच नियम: चपला घालून हात लाव. त्याची बायको, दमयंतीवहिनी, भुसा झाडायला आली की पडवीच्या कडेच्या रबरी चपला आधी पायात सरकवायची. घरात चपला घालायची तिला लाज वाटे, पण घालायची.

शिमग्याच्या तोंडावर गावाच्या पालखीचं काम त्याच्याकडे आलं. बाजूच्या फळीवर ग्रामदेवी कोरायची होती. धाकू हरखून गेला. मेस्त्री म्हणून गावात पुन्हा त्याचं नाव निघणार होतं. आणि काम अर्ध्यात असताना वायर परत तुटली. नवीसाठी राजापूरला जायचं तर अख्खा दिवस मोडणार. त्याने पुन्हा टेप मारली.

त्या सकाळी वहिनीने पडवी सारवली होती, जमीन अजून ओली होती. "लक्ष ठेव गो," म्हणून धाकू मशीन चालू ठेवून मागे आंघोळीला गेला.

मी धावलो तो त्याच्या ओरडण्याने. मेन स्विच मीच पाडला. देवी कोरून पूर्ण झाली होती, मोटर वर जाऊन थांबली होती. टेपमधून उघडी पडलेली वायर लोखंडाला टेकलेली. वहिनी मशीनवर ओणवी होती, एक हात लोखंडावर, दुसरा देवीच्या पायांशी. भुसा झाडून झाला होता. आणि रबरी चपला मागे, पडवीच्या कडेला, नीट जोडीने काढून ठेवलेल्या. चपला घालून देवीच्या पाया पडणार तरी कशी ती?

गाडी बोलावली, दवाखान्यात नेलं, पण ती जागच्या जागीच गेली होती.

सुतकातली फळी पालखीला चालत नाही. गावाने दुसरीकडून करून घेतली.

दिवसकार्य उरकल्यावर धाकूने पहार उचलली. अंगणातला कातळ तो फोडत राहिला. तळहात सोलवटले तरी कुणाला हात लावू देईना. खड्डा झाला, कोळसा-मीठ घातलं. रघूने अर्थिंग जोडलं, वायर अख्खी बदलली.

मला हाक मारली म्हणून मी गेलो. मशीन चालू होतं. धाकू अनवाणी उभा होता, दोन्ही पंजे लोखंडावर टेकवून, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"मुंग्या नाय येत रे आता. लावून बघ हात."

मी चपला काढल्या आणि हात लावला. लोखंड गार होतं, बाकी काही नाही. एका खड्ड्याचं काम होतं मेल्याचं.