मेथीचा भाव आणि छातीतलं घड्याळ

आमच्या अमरावतीच्या हार्टच्या दवाखान्यात गुरुवार संपला की रजिस्टरपेक्षा किस्सेच जास्त भरलेले असतात. त्या दिवशी येतात रक्त पातळ करायची गोळी घेणारे. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, मशीनवर आकडा बघायचा, डॉक्टर मॅडम सांगतील तो डोस लिहून द्यायचा, एवढंच माझं सिस्टरचं काम. आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. इथे सगळ्यांना सगळं समजतं, हा आकडा सोडून.

*

कोचिंग क्लासचे एक सर बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आले. मागच्या महिन्यात आकडा दोन, आता साडेपाच.

"मॅडम, डबलच्या वर प्रगती आहे!"

मॅडमनी गोळी दोन दिवस बंद केली आणि दाढीसुद्धा जपून करा म्हणून बजावलं. सरांचा चेहरा पडला. जाता जाता मला हळूच विचारतात, "पण सिस्टर, हे आऊट ऑफ किती असते?"

पेढे आम्ही खाल्ले.

*

अकोल्याच्या एका आजींना एक दिवस पूर्ण गोळी, एक दिवस अर्धी. तरी पाकीट वेळेआधी संपायचं. मी विचारलं, उरलेली अर्धी कुठे जाते?

"ईनबाईले देतो." ईनबाई म्हणजे सुनेची आई. मुक्कामाला आली होती.

"त्यांना हार्टचा त्रास आहे?"

"काही नाही वो, धडधाकट आहे. पण आपण एकट्यानं तोंड हलवाचं अन् पाहुणीनं पाहात बसाचं, बरं दिसते का?"

पुढच्या गुरुवारी ईनबाईंचंही बोट टोचलं. आकडा बरा निघाला, नशीब त्यांचं आणि आमचं.

*

या सगळ्यांत खरी डोकेदुखी गुणवंतभाऊ. मेथी-पालक पिकवतात आणि विकतात. हृदयात धातूची झडप बसवलेली, म्हणजे गोळी जन्मभराची. पालेभाजी जास्त झाली की गोळीचा जोर कमी होतो, म्हणून मॅडमनी सांगितलं, "खा, पण दर आठवड्याला सारखीच खा." तरी आकडा कधी वर, कधी खाली.

शेवटी त्यांच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी सांगितलं. "भाव पडला का इकली न गेलेली सारी मेथी घरी येते. मंग तिन्ही टाइम मेथीच. भाव चढला का काडीबी दिसत नाही."

तेव्हापासून मी त्यांचं बोट टोचायच्या आधी मॅडम विचारतात, "मेथीचा भाव काय?" भाव पडलेला असला की आकडाही पडलेला. मशीन नंतर फक्त सही करतं.

वहिनींची तक्रार मात्र वेगळीच. ती झडप टिकटिक वाजते. "यायच्या छातीत तुमीनं भिताडावरचं घड्याळ बसवलं. मले झोप येऊन नाही राहिली." हे दर गुरुवारी.

*

एकदा वहिनी सोमवारीच आल्या, भाऊंना हाताला धरून. भाऊ हसत होते, पण जिना चढून दम लागला होता.

"मॅडम, यायचा आवाज बसला. दोन दिवस झाले, मले ऐकूच येऊन नाही राहिला."

"आता सुखानं झोप म्हणलं तिले," भाऊ म्हणाले.

मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. टिकटिक दबली होती, म्हणजे झडपेवर गुठळी धरत होती. गोळी घेता की नाही, त्यांनी भाऊंना विचारलं.

"दात काढाचा होता, तं दातवाल्यानं बंद कराले सांगतली. केली. सुरू कर असं कोणीच नाही म्हणलं. मी फोन केला होता इथी. सिस्टर म्हणे, दातवाल्याले विचारा. थो म्हणे, हार्टवाल्याले विचारा."

ती सिस्टर मी. गर्दी होती, दोन शब्दांत फोन ठेवला होता.

भाऊंना लगेच ॲडमिट केलं, इंजेक्शनं सुरू झाली. वहिनी खाटेजवळून हलल्या नाहीत. तासातासाला नवऱ्याच्या छातीला कान लावायच्या आणि मान हलवायच्या. मी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कान लावला तो काढलाच नाही. मॅडमनी तपासलं, म्हणाल्या, गुठळी विरघळली.

पुढच्या गुरुवारी दोघं आले. मी त्यांच्या नजरेला नजर न देता विचारलं, "वहिनी, आता झोप लागते ना?"

"कायची लागते वो, माय. पुन्हा टिकटिक सुरू झाली न."

आणि माझ्या टेबलावर मेथीची जुडी ठेवली.