आतोबांच्या पास-नापास व्याख्या

इंग्रजी भाषेला ठाण्याच्या मासळीबाजारात हिंडवून आणणारा माणूस आमच्या आतोबांखेरीज दुसरा झाला नाही, आणि पुढे कुणी होईल असं मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, ठाण्यातल्या एका खाजगी शाळेत इंग्रजीचे मास्तर. चार बुकं इंग्रजी यावं म्हणून वडिलांनी मला कोकणातून त्यांच्याकडे आणून ठेवलं होतं. त्यामुळे घरी आतोबा आणि वर्गात मास्तर असा दोन्हीकडून मी त्यांच्या तावडीत सापडलो होतो. गावातले शहाणे लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. खुशाल म्हणोत. त्या शहाण्यांना जन्मभर जे इंग्रजी बोलता आलं नाही ते आमच्या वर्गातली पोरं वर्षभरात बोलत, हे मी छातीठोकपणे सांगतो.

त्या काळी इंग्रजी शब्दांचे अर्थ पोरांकडून इंग्रजीतच घोकून घेत. 'बटर' म्हणजे काय, तर बुकात 'अॅन ऑइली सब्स्टन्स ऑब्टेन्ड फ्रॉम क्रीम' असा अर्थ दिलेला असे, म्हणजे एका शब्दापायी आणखी तीन शब्द अडत. आतोबा ते बुक टेबलावर आपटून म्हणत, "ज्या पोराला बटर कळत नाही, त्याला सब्स्टन्स कळणार होय रे? एक कुलूप उघडायला दिलेल्या किल्लीलाच आणखी तीन कुलपं!" म्हणून ते स्वतःच सोप्या इंग्रजीत व्याख्या करत. पण केली व्याख्या की लगेच वर्गात सांगितली, असं नाही. आधी तिची परीक्षा व्हायची. इंग्रजीचं अक्षरही न येणाऱ्या माणसाला गाठून तिचा मराठी अर्थ सांगायचा, वस्तूचं नाव मात्र सांगायचं नाही. माणसानं झटकन ओळखलं तर व्याख्या पास. नाही ओळखलं तर दोष व्याख्येचा, माणसाचा कधीच नाही.

या परीक्षेपायी सगळं गाव त्यांना टाळू लागलं. न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर असताना ते आरशाची व्याख्या सांगत आणि उत्तर चुकलं की ताडकन उठत, म्हणून त्यांच्या हनुवटीवर कायम तुरटीचा पांढरा डाग असे. 'ब्रिज'ची व्याख्या घेऊन ते एकदा मासळीबाजारात गेले. पिशवी धरायला मी बरोबर होतोच. एका कोळणीपुढे उभे राहून म्हणाले, "ओळख पाहू बाई. जो पाण्यात उभा राहून आपल्याला कोरडं पलीकडे नेतो, तो कोण?"

"माजा दादला!" ती म्हणाली. "भरतीला होरीतून खांद्यावर घेऊन उतरवतो मना. आता म्हावरा घेयाचा त घ्या मास्तर, नाय त फुडं चला."

एखादा चिडला असता. आतोबा रस्ताभर हसत आले. "नापास! साफ नापास! पुलाच्या व्याख्येत नवरा मावतो म्हणजे ती ढिली आहे." संध्याकाळपर्यंत 'पाण्यावरचा रस्ता' अशी नवी व्याख्या तयार झाली आणि शेजारच्या म्हातारीनं ती पास केली. घरात आत्याचा मात्र निराळाच कावा असे. ती रागावलेली असली की उत्तर येत असूनही मुद्दाम चुकीचं सांगे. 'लॅम्प'च्या व्याख्येला तिनं शांतपणे "पाहुणा" म्हटलं, आणि बिचारे आतोबा जेवण सोडून त्या व्याख्येशी झटत बसले.

मग एके दिवशी 'गव्हर्नमेंट' हा शब्द आला. आतोबांनी व्याख्या केली: 'जो सगळ्यांना प्रश्न विचारतो आणि ज्याला कुणी विचारत नाही, तो.' ही व्याख्या भाजीवाल्यानं ओळखली, स्टेशनातल्या हमालानं ओळखली, कचेरीतल्या पट्टेवाल्यानं तर इकडेतिकडे पाहून कानात "सरकार" असं उत्तर दिलं. आत्या त्या दिवशी चांगलीच रागावलेली होती, तरी तिनंही खरं उत्तर दिलं. असा निकाल आजवर कुठल्याच व्याख्येचा लागला नव्हता, त्यामुळे ती आम्हाला वर्गात शिकवली गेली.

पुढच्याच महिन्यात तपासणीला दिपोटीसाहेब, म्हणजे शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, आले. शाळेची ग्रँट त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून असे, आणि मास्तरांची नोकरी हेडमास्तरांच्या मर्जीवर. साहेब पुण्याकडचे, लाल पगडीचे आणि स्वभावाने खरोखर चांगले. त्यांनी नेमका मला उभा केला आणि नेमका तोच शब्द विचारला. मी खणखणीत आवाजात आतोबांची व्याख्या म्हटली. हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

दिपोटीसाहेबांनी एकदा हेडमास्तरांकडे पाहिलं. मग आतोबांना म्हणाले, "मुलगा चुकलेला दिसतो. तुम्ही असं शिकवलं नसणार. एवढंच म्हणा, मास्तर, मी पुढचा प्रश्न विचारतो."

वाट केवढी मोकळी करून दिली होती त्यांनी! माझ्याकडे बोट दाखवायचं, कान पिळायचा, की नोकरी शाबूत. हेडमास्तर मागून खुणा करत होते. मलाही वाटलं, पिळावा कान, आपलं काय जातं?

आतोबांनी उपरणं सारखं केलं. "मुलाचं उत्तर बरोबर आहे, रावसाहेब," ते म्हणाले. "मीच शिकवलंय. आणि ती व्याख्या पास आहे. हवं तर स्वतःवरच परीक्षा करून पाहा. नाव न सांगता मी ही व्याख्या तुमच्यापुढे ठेवली असती, तर तुम्ही ओळखली नसती का?"

साहेबांच्या मिशीत हसू आलं आणि तिथेच जिरलं. उत्तर त्यांनी दिलं नाही. शेरा मात्र दिला, आणि महिनाअखेरीला आतोबांची नोकरी गेली.

त्या दिवशी घरी मी पाटावर रडत बसलो होतो. आतोबा नव्या व्याख्येत गुंग होते, त्यांचा मला काही आधार नव्हता. आत्यानं ताट वाढलं आणि विचारलं, "उत्तर बरोबर दिलंस ना? मग रडतोस काय? जेव."

पुढे ते कल्याणला गेले. तिथल्या एका देवळाच्या ओवरीत पोरांना शिकवत राहिले आणि तिथल्या बाजाराचा छळ करत राहिले. माफीचा अर्ज द्या, असं पुष्कळांनी सांगितलं. त्यांनी दिला नाही, आणि फार बरं केलं. मी त्यांच्याच इंग्रजीच्या जोरावर सरकारी कचेरीत चिकटलो. तिथे कितीतरी वेळा माझं बरोबर असलेलं चूक ठरलं आणि मी मान खाली घालून "होय साहेब" म्हणालो. अशा दिवशी घरी येताना मला आतोबांची फार, फार आठवण येते. माझं उत्तर बरोबर आहे असं चार माणसांत उभं राहून सांगणारं त्यांच्यामागे मला कुणी उरलं नाही.