ते अस्वल माझं होतं

माणूस जळतो तेव्हा धूर आधी त्याच्याच डोळ्यांत जातो, हे मला साठीला आल्यावर कळलं. कसं कळलं ते सांगतो. चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी हसा.

आमचा दिलीप. गोंदियाच्या कॉलेजात माझ्या शेजारी बसायचा, निबंध माझे बघून उतरवायचा. पुढे साहसी कादंबऱ्या लिहायला लागला. जंगल, दरी, वाघ आणि एकटा नायक. आणि मी? तीस वर्षं बातमीदारी. धानाची खरेदी, तलावाची गळती, कोणाचा तरी मोर्चा. त्याचं पुस्तक माझी बायको उशाशी ठेवते. माझ्या बातमीवर दुसऱ्या दिवशी भजी निथळत ठेवते.

त्यात त्याच्या कादंबरीवर सिनेमा निघत होता. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारात त्याचा एवढा मोठा फ्लेक्स लागला, की वांगी विकणाऱ्या बाया त्याच्या सावलीत बसल्या होत्या. कादंबरी मी अर्थातच वाचली नव्हती. मी कायले वाचू? पण बायकोनं एकदा जेवताना गोष्ट सांगितली. दरेकशाच्या जंगलात मोहफुलं वेचणारा सुखराम गुहेत अडकतो, गुहेच्या तोंडाशी अस्वल येऊन बसतं, आणि तीन दिवस टोपलीतली मोहफुलं मूठमूठ बाहेर टाकून तो जीव वाचवतो.

माझा घास हातातच राहिला. ही तर माझी बातमी! वीस वर्षांपूर्वी पहिल्या पानावर छापून आलेली. तिच्यावर मला जिल्ह्याचा पत्रकार पुरस्कार मिळालेला. आणि हा चोर त्यावर सिनेमे काढतो?

लवकरच गोरेगावात त्याचा सत्कार ठरला. जुनं कात्रण खिशात घालून मी गेलो. पहिल्या रांगेत आमचे संपादक, त्यांच्या बाजूला दुसऱ्या पेपरांचे दोन बातमीदार. मंचावर सिनेमाचा दिग्दर्शक सांगत होता, "इतनी बड़ी सच्ची घटना, और पूरे जिले में सिर्फ दिलीपजी को दिखी."

आता तुम्हीच सांगा, बसवलं असतं तुमच्यानं? मी मंचावर चढलो, माईक ओढला, कात्रण फडकावलं आणि चोरी, चोरी म्हणून जे काही तोंडात आलं ते बोललो.

दिलीप शांतपणे म्हणाला, "मध्या, तुझीच बातमी आहे ना ती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुझे आभार मानले आहेत. वाचलं नाही का?"

लोक हसले. शहाण्यानं इथे खाली उतरायचं असतं. मी म्हणालो, आभार नको, हक्क पाहिजे.

"हक्क कायचा रे? घडलं, तू लिहिलं, मी वाचलं. बातमी कोणाच्या बापाची राहते का? अस्वल काही तू पैदा नाही केलं."

"मीच केलं!" मी म्हणालो. "ना गुहा होती, ना अस्वल, ना तो सुखराम. त्या दिवशी माझी दरेकशाची गाडी चुकली होती. स्टेशनसमोरच्या टपरीवर बसून सगळं या डोक्यातून काढलं. माझ्या डोक्यातून!"

माईक फार चांगला होता हो. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द ऐकू गेला.

संपादकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांच्या बाजूचे दोघे मात्र भराभर लिहून राहिले होते. टाळी वाजवली ती एकट्या दिलीपनं, आणि सांगायला लाज वाटते, पण मनापासून वाजवली.

सिनेमा आला. 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी काढून त्यांनी 'मूळ कल्पना' म्हणून माझं नाव टाकलं. चांगलं ठळक. पुरस्कार परत गेला. नोकरी राहिली, कारण संपादक मोठ्या मनाचे.

परवा अर्जुनी मोरगावकडे एका तलावाची पाळ फुटली. खरोखर फुटली हो! गुडघाभर पाण्यात उभा राहून मी संपादकांना फोनवर बातमी सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि मायेनं म्हणाले, "छान जमली आहे, मधुकरराव. एकदा दिलीपभाऊंना दाखवून घ्या."